ऑस्ट्रेलियाचा जोडीदार व्हिसा लांबला तर काय करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न झाले, अर्ज भरला, शुल्क भरले आणि त्यानंतर महिनोन्महिने काहीच कळत नाही, अशा अवस्थेतील मराठी जोडप्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यात मुख्यतः ऑस्ट्रेलियाबाहेरून केल्या जाणाऱ्या सबक्लास ३०९ (तात्पुरता) आणि १०० (कायमचा) या जोड-व्हिसाचा विचार केला आहे. ऑस्ट्रेलियात राहून केलेल्या ८२० आणि ८०१ च्या अर्जाबद्दल एक स्वतंत्र प्रश्न आहे. पत्नी भारतात आणि पती मेलबर्न, सिडनी किंवा पर्थला असे बहुतेक ठिकाणी धरले आहे, कारण विचारणा बहुधा त्याच परिस्थितीतून होते. उलट असल्यास नियम तेच आहेत. शुल्क आणि काही नियम दरवर्षी १ जुलैला बदलतात, म्हणून कोणताही निर्णय घेण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावरील त्या दिवशीचा मजकूर वाचावा.

अर्ज नक्की कोणाचा असतो? सगळे पतीच पाहतो. मला काही माहीत असण्याची गरज आहे का?

आहे, आणि हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला आहे. ३०९ च्या अर्जात अर्जदार ही ऑस्ट्रेलियाला जाणारी व्यक्ती असते. ऑस्ट्रेलियातील जोडीदार हा प्रायोजक असतो आणि तो आपला प्रायोजकत्वाचा भाग वेगळा भरतो. आपल्याकडे मात्र "तिकडचे सगळे तो बघतो" असे म्हणून अर्जाच्या ऑनलाइन खात्याचा (इमीअकाउंटचा) पासवर्ड, पावती, पत्रव्यवहार हे सारे पतीकडे किंवा सासऱ्यांकडे ठेवले जाते, आणि जिच्या नावाने अर्ज आहे तिला अर्जाचा क्रमांकही ठाऊक नसतो. इमीअकाउंटचे लॉगिन, अर्ज मिळाल्याचे पत्र, शुल्काची पावती आणि अर्जाची संपूर्ण पीडीएफ प्रत तुमच्याकडे असलीच पाहिजे. प्रतीक्षेत वाटणाऱ्या असहायतेचा मोठा भाग विलंबापेक्षा या न दिसण्यातून येतो. एकदा स्वतः लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहिली की निदान अंदाज बांधणे थांबते. अर्ज खरोखर दाखल झाला आहे का, अशी शंका असेल तर अर्ज मिळाल्याचे पत्र मागणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. ते दाखवायला कोणत्याही प्रामाणिक जोडीदाराला अडचण नसावी.

इतका वेळ का लागतो?

कारणे अनेक आहेत आणि त्यांतली काही तुमच्या हातात नाहीत. ऑस्ट्रेलिया दरवर्षी स्थलांतराच्या जागांचे नियोजन जाहीर करते. कोविडच्या काळात, २०२०-२१ आणि २०२१-२२ या वर्षांत, जोडीदार व्हिसासाठी ७२,३०० जागा धरल्या होत्या. २०२२-२३ पासून हा आकडा ४०,५०० वर आला आणि पुढील दोन वर्षेही तोच राहिला. हा गट मागणीनुसार चालतो असे सरकार म्हणते, तरीही रांग शिल्लक राहतेच.

दुसरे कारण तपासण्यांचे. अर्जदाराची वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि गरज भासल्यास सुरक्षाविषयक पडताळणी यांपैकी काही कामे अन्य यंत्रणांकडे असतात, आणि तिथले उत्तर येईपर्यंत तुमची फाइल ज्याच्या टेबलावर आहे तो अधिकारीही काही करू शकत नाही. एखाद्याने आखाती देशात किंवा सिंगापूरला काही वर्षे नोकरी केली असेल तर त्या देशाचेही पोलीस प्रमाणपत्र लागते. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, त्या प्रत्येकाचे. प्रायोजकालाही ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते द्यायला तोच विसरलेला असतो, असेही पुष्कळदा आढळते.

तिसरे कारण अपुऱ्या अर्जाचे. अधिकारी फाइल उघडतो, त्याला काहीतरी कमी दिसते, तो पत्र पाठवून फाइल मिटतो, आणि पुन्हा ती हाती यायला वेळ लागतो. तुमच्या हातात असलेला विलंब एवढाच, पण तो टाळता येतो.

संकेतस्थळावरचा कालावधी उलटून गेला. अर्ज अडकला आहे का?

तसा अर्थ काढू नये. खाते जो कालावधी प्रसिद्ध करते तो नुकत्याच निकाली निघालेल्या अर्जांवरून काढलेला असतो: निम्मे अर्ज इतक्या काळात, नव्वद टक्के तितक्या काळात, असे. म्हणजे तो मागे वळून काढलेला हिशेब आहे, पुढचे आश्वासन नव्हे. उरलेल्या दहा टक्क्यांत येणे म्हणजे नकाराकडे जाणे नव्हे. त्यात अनेक देशांत राहिलेले, पूर्वी घटस्फोट झालेले, मुले असलेले किंवा केवळ एखादे उत्तर बाहेरच्या यंत्रणेकडून न आलेले लोक असतात.

"पुढील मूल्यमापन" असा शेरा इमीअकाउंटमध्ये महिनोन्महिने तसाच राहू शकतो. त्यात रोज नवे काही शोधण्याने झोप तेवढी जाते. खात्याला काही हवे असेल तर ते ईमेलने किंवा इमीअकाउंटमधील पत्राने कळवते, म्हणून नोंदवलेला ईमेल पत्ता चालू आहे ना आणि स्पॅमचा कप्पा आठवड्यातून एकदा पाहिला जातो ना, एवढे पुरे. माहिती मागणाऱ्या पत्राला उत्तर देण्याची मुदत बहुधा २८ दिवसांची असते, पण पत्रात लिहिलेली तारीखच खरी मानावी.

आमच्यानंतर अर्ज केलेल्यांचा व्हिसा आला. हे कसे?

व्हॉट्सॲपच्या गटात रोज कोणाचे तरी अभिनंदन होते आणि ते वाचून जीव खाली-वर होतो. त्या जोडप्याला पाच वर्षांचा संसार आणि मूल असेल. त्यांच्या अर्जात एकच देश असेल. किंवा त्यांचा अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला असेल. इतरांच्या तारखांवरून आपली तारीख काढता येत नाही, आणि जे तक्ते लोक तयार करतात त्यांत बहुधा व्हिसा मिळालेलेच नोंद करतात. माझा स्पष्ट सल्ला असा की, असे गट माहितीपुरते ठेवावेत आणि सूचना बंद कराव्यात.

खात्याला पत्र लिहावे का? खासदाराकडे जावे का?

प्रसिद्ध केलेल्या नव्वद टक्क्यांच्या कालावधीच्या आत असताना "माझे काय झाले" असे विचारल्यास ठरावीक उत्तराखेरीज काही मिळत नाही. कालावधी उलटल्यावर मात्र एकदा सविस्तर, शांत भाषेतील पत्र पाठवणे योग्य आहे: अर्ज क्रमांक, तारीख, दिलेल्या कागदपत्रांची स्थिती, आणि घरात गंभीर आजार वा गरोदरपण असल्यास त्याचा वैद्यकीय पुरावा. खात्याकडे तक्रार व अभिप्रायाची स्वतंत्र सोय आहे. तेथूनही समाधान न झाल्यास ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ ओम्बड्समनकडे तक्रार करता येते. तो निर्णय बदलू शकत नाही, पण कारभारातील दिरंगाईची चौकशी करू शकतो.

प्रायोजक ज्या मतदारसंघात राहतो तेथील खासदाराचे कार्यालय खात्याकडे विचारणा करून देते. प्रायोजक नागरिक असेल तर तो त्यांचा मतदारच असतो, आणि अशी विचारणा करणे हे त्या कार्यालयाचे नित्याचे काम आहे. त्यात वशिला नाही आणि संकोच करण्यासारखेही काही नाही. मात्र यामुळे रांग ओलांडली जाते असे समजू नये. कधीकधी एवढेच कळते की अमुक तपासणीचे उत्तर बाकी आहे, आणि तेवढ्यानेही जिवाला बरे वाटते.

वाट पाहण्याच्या काळात फाइलमध्ये काय घालत राहावे?

बहुतेकजण अर्जाच्या दिवशी गठ्ठा जोडतात आणि नंतर थांबतात. अधिकारी मात्र निर्णयाच्या दिवशी नाते कसे आहे हे पाहतो. अर्जानंतर सव्वा वर्षाने फाइल उघडली आणि त्यात शेवटचा कागद लग्नाच्या हॉलमधला असेल, तर मधल्या काळात हे दोघे कसे राहिले हा प्रश्न त्याला पडणारच.

नियमांनुसार नात्याच्या चार बाजू पाहिल्या जातात: आर्थिक व्यवहार, घर व घरकाम, समाजात असलेली ओळख, आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. दूर राहणाऱ्या जोडप्याची घराची बाजू साहजिकच लंगडी असते. ती लपवू नये, का आणि किती काळ दूर राहावे लागले हे दोघांनीही आपापल्या निवेदनात लिहावे. पैशाच्या बाजूला नियमित पाठवलेली रक्कम, तिचा बँकेतला माग, विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत बदललेले वारस-नामांकन, ऑस्ट्रेलियातील सुपरॲन्युएशनमध्ये (निवृत्ती निधीत) पत्नीचे नाव आणि झाल्यास मृत्युपत्र, या गोष्टींचे वजन मोठे असते. नव्या नामांकनाची पावती काढायला अर्धा तास लागतो आणि ती बांधिलकीबद्दल पानभर मजकुरापेक्षा अधिक सांगते.

सामाजिक बाजूला आपण मराठी माणसे सुदैवी आहोत, कारण लग्नानंतरचे पहिले वर्ष सणांनीच भरलेले असते. पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घातलेली सून, शेजारी सासूबाई, जाऊ, आत्या, आणि फोनच्या पडद्यावर मेलबर्नहून डोकावणारा नवरा, हा फोटो अधिकाऱ्याला सांगतो की ही मुलगी या घरात सून म्हणून वावरते. मंगळागौर, दिवाळसण, गौरी-गणपती, अधिक महिन्यात जावयाला दिलेले वाण यांचेही तसेच. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि नात्यासह माणसांची नावे लिहावीत, आणि ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याला कळेल अशा इंग्रजीत एका ओळीत प्रसंग सांगावा. पन्नास फोटो ओतण्यापेक्षा वर्षाचे बारा-पंधरा निवडक फोटो बरे. स्टुडिओत काढलेल्या प्री-वेडिंग फोटोंना खर्च जितका आला असेल तितके वजन मिळत नाही, हे अप्रिय असले तरी खरे आहे.

चॅटचे हजार पाने छापण्याची गरज नाही. दर महिन्याचे एक-दोन नमुने आणि कॉलची यादी पुरते. भांडण झाले तो महिना गाळण्याचेही कारण नाही. दोघांना ओळखणाऱ्यांची निवेदने फॉर्म ८८८ वर द्यावीत आणि ती एकाच माणसाने सर्वांसाठी लिहून दिल्यासारखी नसावीत. मावशी ज्या भाषेत बोलते त्या साध्या भाषेतले, तिने स्वतः पाहिलेल्या दोन प्रसंगांचे निवेदन अधिक पटते. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे. भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव, पत्ता व पात्रता हवी, आणि ऑस्ट्रेलियात केलेले असल्यास भाषांतरकार नाटी या तेथील भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा मान्यताप्राप्त असावा. इमीअकाउंटमध्ये फाइलींच्या संख्येला व आकाराला मर्यादा असल्यामुळे तीन-तीन महिन्यांचा पुरावा एकेका पीडीएफमध्ये बांधून चढवणे सोयीचे पडते.

लग्नानंतर नाव बदलावे का? पासपोर्ट नवा काढावा का?

आपल्याकडे लग्नाबरोबर मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी पतीचे येते, आणि काही घरांत लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाच्या ताटात अंगठीने पहिले नावही नवे लिहिले जाते. त्यामुळे आधार कार्ड एका नावाचे, पदवी दुसऱ्या नावाची, पॅन तिसऱ्या आणि सासरची मंडळी निवेदनात चौथ्याच नावाने उल्लेख करतात, असे चित्र तयार होते. अधिकाऱ्याला यात लबाडी दिसतेच असे नाही. पण ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यात वेळ जातो.

लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. माझ्या मते अर्ज निकाली निघेपर्यंत पासपोर्टवरचे नाव आहे तसे ठेवावे. बदलायचेच असेल तर अर्जापूर्वी सर्व कागदांवर एकदम बदलावे. घरात वेगळ्या नावाने हाक मारत असतील तर अर्जातील "इतर नावे" या रकान्यात ते नाव लिहावे, मग ते कोणत्याच सरकारी कागदावर नसले तरी चालेल. पासपोर्टची मुदत संपत असल्याने नवा काढावा लागला तर त्याच आठवड्यात इमीअकाउंटमध्ये नवा क्रमांक नोंदवावा आणि जुना पासपोर्ट जपून ठेवावा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक असतो आणि पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो, म्हणून ही नोंद राहिली तर अडचण थेट विमानतळावर उभी राहते.

विवाह नोंदणीबाबतही एक गोष्ट. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी होते, तर गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोन वेगवेगळ्या दिवशी सह्या कराव्या लागतात. गोव्यातील काही जोडपी पहिल्या सहीनंतरच लग्न नोंदले गेले असे समजतात. दुसरी सही झाल्यावरच विवाह पूर्ण होतो, त्यामुळे अर्जातील लग्नाची तारीख भरताना प्रमाणपत्र समोर ठेवावे.

वैद्यकीय तपासणी आणि पीसीसीची (पोलीस प्रमाणपत्राची) मुदत संपली तर?

दोन्ही साधारण बारा महिने ग्राह्य धरतात. विलंब झाला की ती पुन्हा मागितली जाऊ शकतात, म्हणून खात्याने मागितल्याशिवाय दुसऱ्यांदा वैद्यकीय तपासणी करून पैसे घालवू नयेत. तपासणी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. ओळखीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही.

भारतातील पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते आणि त्यासाठी स्थानिक पोलीस पडताळणी करतात. नवविवाहितेच्या बाबतीत नेहमीची अडचण अशी की कागदावरचा पत्ता माहेरचा असतो आणि ती राहते सासरी. पोलीस माहेरी जातात, आई सांगते की ती आता इथे नसते, आणि "दिलेल्या पत्त्यावर राहत नाही" असा अहवाल जातो. मग पुन्हा पासपोर्ट कार्यालयाच्या फेऱ्या. पीसीसीसाठी अर्ज करतानाच सध्या जिथे राहता तो पत्ता आणि त्याचा पुरावा द्यावा, आणि पडताळणी होईपर्यंत तिथेच मुक्काम ठेवावा.

वाट पाहत असताना पर्यटक व्हिसावर जाऊन राहता येते का?

अर्ज करता येतो आणि पुष्कळांना सबक्लास ६०० चा व्हिसा मिळतोही. ३०९ चा अर्ज प्रलंबित आहे ही गोष्ट लपवू नये. खात्याला ती दिसतेच. परत येण्याची कारणे, म्हणजे नोकरीतील रजा, शिक्षण, घरची जबाबदारी, कागदोपत्री दाखवावीत. पूर्वी ३०९ मंजूर होताना अर्जदार ऑस्ट्रेलियाबाहेर असावा लागे, त्यामुळे लोक केवळ मंजुरीसाठी फिजी किंवा न्यूझीलंडला जाऊन येत. नोव्हेंबर २०२३ पासून ही अट उरलेली नाही: अर्ज करताना बाहेर असणे आवश्यक आहे, मंजुरीच्या वेळी आत असले तरी चालते.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ३०९ च्या अर्जावर ब्रिजिंग व्हिसा (निर्णय होईपर्यंत ऑस्ट्रेलियात राहू देणारा तात्पुरता व्हिसा) मिळत नाही, म्हणून पर्यटक व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी देश सोडावाच लागतो. या व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक शिक्षण घेता येत नाही. व्हिसावर ८५०३ ही अट लागलेली असेल तर तिथे असताना बहुतेक दुसऱ्या व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही. भारत आणि ऑस्ट्रेलियात परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे विमा घेतल्याशिवाय जाऊ नये. तिथल्या रुग्णालयातील एक रात्रही खिसा रिकामा करते.

तीन महिने एका छपराखाली राहिल्याने नात्याला जे मिळते त्याची बरोबरी कॉलने होत नाही. शिवाय घराची ती लंगडी बाजूही सावरते: दोघांच्या नावे आलेली पत्रे, शेजाऱ्यांची ओळख, किराणा भरलेल्या पावत्या.

मी ऑस्ट्रेलियातच आहे आणि ८२० चा अर्ज केला आहे. माझ्यासाठी काय वेगळे आहे?

आधीचा व्हिसा संपला की ब्रिजिंग व्हिसा ए लागू होतो आणि जोडीदार व्हिसाच्या अर्जावर मिळालेल्या या व्हिसात काम करण्याची मुभा असते. खरी पंचाईत प्रवासाची आहे. भावाच्या लग्नासाठी किंवा घरी कोणी अत्यवस्थ झाल्यामुळे भारतात यायचे असेल तर निघण्यापूर्वी ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो. तो न घेता ब्रिजिंग व्हिसा ए वर देश सोडला तर तो व्हिसा तिथेच संपतो. तातडीच्या प्रसंगी धावपळ होऊ नये म्हणून या अर्जाला लागणारी कागदपत्रे आधीच एका फोल्डरमध्ये ठेवावीत. मेडिकेअर या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीही चौकशी करावी. कायमच्या व्हिसासाठी अर्ज केलेल्या आणि ऑस्ट्रेलियन जोडीदार असलेल्या अनेकांना ते मिळते आणि कित्येकजण ठाऊक नसल्यामुळे खासगी खर्च करत राहतात.

नोकरी सोडू का? "व्हिसा येईलच" असे सगळे म्हणतात.

सोडू नये. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये, घर विकू नये, परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये. लग्न ठरताच मुलीने नोकरी सोडायची आणि मग वर्ष-दीड वर्ष कोणाच्या तरी घरी पाहुणीसारखे राहायचे, याने जे मानसिक नुकसान होते ते विलंबाच्या खात्यावर लिहिले जाते, पण ते टाळण्यासारखे असते. नोकरी चालू असली तर पर्यटक व्हिसाच्या अर्जालाही बळ येते.

हा काळ पात्रतेच्या कामाला द्यावा. परिचारिका, डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट यांना ऑस्ट्रेलियात नोंदणी लागते आणि ती प्रक्रिया स्वतंत्रपणे लांब असते. शिक्षकांची नोंदणी राज्यागणिक वेगळी आहे. विद्यापीठातून गुणपत्रके आणि ट्रान्स्क्रिप्ट काढणे हे काम मुंबई किंवा पुण्यात राहून जितके सोपे आहे तितके ॲडलेडहून नाही.

सासरी राहावे की माहेरी? आणि नातेवाइकांना काय सांगावे?

व्हिसाच्या दृष्टीने दोन्ही चालते. निवेदनात खरे काय ते लिहावे. मनाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न विलंबापेक्षा अवघड ठरतो. नवरा नसलेल्या सासरी नव्या सुनेने वर्षभर राहावे ही अपेक्षा काही घरांत न बोलता धरली जाते, आणि माहेरी राहिले तर शेजारी कुजबुजतात. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून नवऱ्याने स्वतः, फोनवर का होईना, ठरावीक व्यवस्था सांगावी. ते काम बायकोवर सोडू नये. आपल्या घरात जी गोष्ट मुलगा सांगतो तिच्यावर चर्चा होत नाही, सून सांगते तिच्यावर होते.

"अजून नाही आला व्हिसा?" हा प्रश्न प्रत्येक हळदीकुंकवाला आणि बारशाला येणार. सर्वांना एकच उत्तर ठरवून ठेवावे: अर्ज रीतसर चालू आहे, कालावधी असाच असतो, आला की कळवू. बातमी घरातील एकाच व्यक्तीला द्यावी आणि पुढची विचारपूस तिच्याकडे वळवावी. ज्योतिषाने सांगितलेली तारीख घरातल्या थोरांना धीर देत असेल तर त्याला विरोध करण्यात अर्थ नाही, फक्त त्या तारखेवर तिकीट काढू देऊ नये.

आमच्यात या सगळ्यामुळे भांडणे होऊ लागली आहेत.

होतात, आणि बहुधा वेळेच्या फरकातून सुरू होतात. मेलबर्न आणि सिडनी भारताच्या साडेचार तास पुढे असतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. पुण्यात रात्री नऊला कामे आटोपून फोन करावा तर तिकडच्या उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीचे अडीच वाजलेले असतात. म्हणून रात्रीच्या लांब फोनाचा आग्रह सोडून तिच्या सकाळी सातचा आणि त्याच्या जेवणाच्या सुट्टीचा मेळ घालावा. तेवढी वीस मिनिटे पुरतात. व्हिसाचे बोलणे आठवड्यातून एका ठरावीक दिवशी करावे आणि इतर दिवशी तो विषय काढू नये. पहिल्या आठवड्यात हे कृत्रिम वाटते, नंतर त्याच बोलण्यात पुन्हा घरच्या गोष्टी येऊ लागतात.

झोप उडणे, सतत रडू येणे, जेवण न जाणे असे आठवड्यांमागून आठवडे चालले तर ते अंगावर काढू नये. भारतात टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. ऑस्ट्रेलियातील जोडीदार एकटा असतो आणि त्याची विचारपूस कोणी करत नाही. त्याच्यासाठी लाइफलाइनचा १३ ११ १४ हा क्रमांक आहे.

या काळात मूल होणार असेल तर?

आनंदाची बातमी लगेच कळवावी. कुटुंबातील बदल खात्याला कळवणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. गरोदरपणात छातीचा एक्स-रे पुढे ढकलता येतो, तसे डॉक्टरांना सांगावे. प्रायोजक ऑस्ट्रेलियाचा नागरिक असेल तर भारतात जन्मलेल्या बाळासाठी वंशाधारे नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. प्रायोजक केवळ कायम रहिवासी असेल तर बाळ आईच्या अर्जात यावे लागते, म्हणून जन्मदाखला हाती येताच तो चढवावा.

एजंट म्हणतो, पैसे दिले तर लवकर होईल.

होत नाही. पैसे देऊन रांगेत पुढे जाण्याची कोणतीही सोय नाही, आणि तसे सांगणारा एकतर खोटे बोलतो किंवा तुम्हाला खोट्या कागदात गुंतवणार असतो. खोटी माहिती वा बनावट कागद आढळल्यास नकाराबरोबर तीन वर्षांची बंदी लागू शकते, ओळखच खोटी असल्यास दहा वर्षांची. ऑस्ट्रेलियात स्थलांतराचा सल्ला पैसे घेऊन देणारा एजंट तेथील नियामक संस्थेकडे नोंदलेला असावा लागतो किंवा तो ऑस्ट्रेलियन वकील असावा लागतो. नोंदणी क्रमांक मागून सार्वजनिक यादीत तपासावा. वैतागून अर्ज मागे घेऊन नव्याने करण्याचा सल्लाही कोणी देते. शुल्क नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, ते परत मिळत नाही, आणि रांग पुन्हा शेवटून सुरू होते.

"प्रायोजकत्व काढून घेईन" अशी धमकी दिली जाते.

विलंबाचा असा वापर होतो, हे मोकळेपणाने सांगायला हवे. हुंडा, पगार, माहेरशी संबंध यांसाठी व्हिसा हत्यार म्हणून पुढे केला जात असेल तर तो छळ आहे. भारतात असताना पोलीस आणि महिला आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे. ऑस्ट्रेलियात पोहोचल्यानंतर कौटुंबिक हिंसाचारामुळे नाते तुटले तर कायमच्या व्हिसाचा विचार तरीही होऊ शकतो, अशी तरतूद तेथील नियमांत आहे; नवरा "परत पाठवीन" म्हणतो तेवढ्याने कोणी परत जात नाही. तिथे १८०० ७३७ ७३२ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते आणि १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेवर आपल्या भाषेतील दुभाषा मागता येतो. पासपोर्ट आणि इमीअकाउंटचे लॉगिन स्वतःजवळ ठेवण्याचा आग्रह याचसाठी धरला.

नकार आला तर सगळे संपले का?

नाही. नकाराच्या पत्रात कारणे आणि फेरविचाराची मुदत लिहिलेली असते. ऑक्टोबर २०२४ पासून हे काम ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल ही नवी संस्था पाहते. बाहेरून केलेल्या ३०९ च्या अर्जात फेरविचार मागण्याचा अधिकार प्रायोजकाला असतो, अर्जदाराला नाही, त्यामुळे पत्र पत्नीच्या ईमेलवर पडून राहिले आणि पतीला उशिरा कळले तर मुदत निघून जाते. पत्र आल्याच दिवशी नोंदणीकृत एजंट किंवा वकील गाठावा.

३०९ मंजूर झाला. आता पुरावे गोळा करणे थांबवू का?

इतक्यात थांबवू नये. मंजुरीपत्रातील पासपोर्ट क्रमांक, नावाचे स्पेलिंग आणि पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख आधी तपासावी. हा व्हिसा तात्पुरता असतो. सबक्लास १०० चा कायमचा व्हिसा हा दुसरा टप्पा. त्यासाठी लागणारी दोन वर्षे मंजुरीपासून नव्हे, मूळ अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून पहिल्या टप्प्याला दीड वर्ष लागले असेल तर दुसऱ्यासाठी सहाच महिने उरतात, आणि पहिल्यालाच दोन वर्षे उलटली असतील तर दुसऱ्याचे कागद ताबडतोब चढवता येतात. अर्ज करतानाच नाते तीन वर्षांचे, किंवा मूल असल्यास दोन वर्षांचे, असेल तर दोन्ही व्हिसा पाठोपाठ मिळण्याचीही शक्यता असते. ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात संयुक्त बँक खाते, भाडेकरारावर आणि वीजबिलावर दोघांची नावे, मेडिकेअर आणि टॅक्स फाइल नंबर (तेथील करदात्याचा क्रमांक) एवढी कामे उरकावीत. दुसऱ्या टप्प्याचे निम्मे कागद त्यातूनच तयार होतात.